हेवी लायसन आणि ट्रक ड्रायव्हिंग: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकवीस वर्षं गाडी चालवली. आधी सहा टायरी, मग दहा टायरी, शेवटची काही वर्षं ट्रेलर. आता कराडजवळ पोरांना हेवी शिकवतो. साताऱ्यापासून जतपर्यंतचे फोन येतात आणि प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. कायद्याच्या गोष्टी थोडक्यात सांगितल्यात. घाट, रिव्हर्स आणि आरसा यांवर लांबण लागली आहे, ती मुद्दाम.

हेवी लायसन कितव्या वर्षी निघतं?

विसाव्या. कारचं अठराव्या वर्षी निघतं, ट्रकचं नाही. दुसरी अट म्हणजे हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्हीचं, पक्कं लायसन हातात पडून एक वर्ष झालेलं पाहिजे. त्यामुळे ज्याने पंचविसाव्या वर्षी कारचं काढलं, त्याला सव्वीस पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. "घरचा ट्रॅक्टर लहानपणापासून चालवतोय" हे मला रोज कोणीतरी सांगतं. चांगली गोष्ट आहे, पण ती आरटीओच्या खिडकीवर चालत नाही.

माझ्याकडे फक्त एलएमव्ही आहे. पिकअप, छोटा हत्ती, आयशर भाड्याने चालवू शकतो का?

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला हा घोळ मिटवला. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी एलएमव्ही लायसनवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. यातला 'एकूण वजन' हा शब्द नीट वाचा. ते गाडी आणि माल मिळून असतं, नुसत्या मालाचं नाही. पिकअप आणि छोटा हत्ती आरामात बसतात. आयशर मात्र नावावर जाऊ नका, कारण एकाच कंपनीच्या काही गाड्या आत बसतात, काही बाहेर जातात. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र काढा, त्यावरचं वजन बघा. ७,५०० च्या वर गेलात आणि अपघात झाला, तर विमा कंपनी सगळ्यात आधी तुमचं लायसनच मागते.

शिक्षण किती लागतं? मी सातवीतून शाळा सोडली.

पूर्वी आठवी पासची अट होती. २०१९ मध्ये केंद्राने ती काढून टाकली. पण वाचता आलं पाहिजे. 'पुढे अरुंद पूल' हे ज्याला वाचता येत नाही, त्याला पुलावर गेल्यावरच कळतं. शिवाय बिल्टी, ई-वे बिल, चलनाचा मेसेज हे सगळं रोज वाचायचंच असतं. सही पुरती अक्षरओळख असलेली दोन-तीन पोरं माझ्याकडे पाट्या वाचून वाचून वाचायला शिकली आहेत.

कागद कोणते, पैसे किती?

अर्ज सरकारच्या सारथी पोर्टलवर करायचा. आधार, एलएमव्हीचं लायसन, डॉक्टरने भरलेला फॉर्म १-ए आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचा दाखला, एवढं लागतं. आधी कच्चं लायसन निघतं, ते सहा महिने चालतं. ते निघून तीस दिवस झाल्यावर पक्क्याची टेस्ट देता येते. सरकारी फी म्हणाल तर कच्च्याचे १५०, टेस्टचे ३००, आधीच्या लायसनवर नवा वर्ग चढवायचे ५००, वर थोडीफार किरकोळ. याच्यापुढचा आकडा कोणी सांगितला, तर तो कशाकशाचा ते विचारा. एजंटाने पैसे घेऊ नयेत असं मी म्हणत नाही, पण पावती कितीची आणि त्याची मजुरी किती हे वेगवेगळं कळलं पाहिजे.

मेडिकल अंगावर काढू नका. डोळ्यांचा नंबर असेल तर चष्मा लावून तपासा, चष्म्याने लायसन अडत नाही. लपवलेली साखर मात्र रात्री दोन वाजता उपाशीपोटी स्टेअरिंगवर अंधारी आणते.

एक क्लासवाला म्हणतो, यायची गरज नाही, फॉर्म ५ घरपोच देतो. घेऊ का?

याचं उत्तर मी स्वतःच्या चुकीतून देतो.

मीही असाच कागद घेतला होता. त्या क्लासचं नाव सांगण्यात अर्थ नाही, आता तो बंदही पडलाय. टेस्टच्या दिवशी मैदानात गाडी पुढे नेली, मागे घेतली, पास झालो. महिन्याभरात पाटणवरून कोयनानगर, तिथून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला सिमेंट घेऊन जायचं भाडं मिळालं. शेजारी शिकवणारा जुना ड्रायव्हर, म्हणजे उस्ताद नव्हता, नवीन क्लीनर होता. उतार लागला आणि मी कारसारखा पाय ब्रेकवर ठेवून बसलो. पाच-सहा वळणांनंतर जळका वास यायला लागला. मला वाटलं पुढच्या गाडीचा. मग पेडल खाली गेलं तरी गाडी तशीच. गियर खाली टाकायला बघतो तर पडेना, कारण वेग वाढलेला. शेवटी डोंगराच्या बाजूच्या चरीत डावं चाक घातलं, गाडी कलली आणि थांबली. माणसं वाचली. सिमेंटची काही पोती फुटली, त्याचे पैसे पगारातून गेले.

त्या दिवशी माझ्याकडे लायसन होतं, फॉर्म ५ होता, सगळं कायदेशीर होतं. फक्त लोड गाडी उतारावर कशी धरायची ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं. घरपोच फॉर्म ५ मध्ये नेमका तेवढाच भाग गाळलेला असतो.

पैसे आणि वेळ असेल तर केंद्राच्या नियमाप्रमाणे मान्यता मिळालेलं चालक प्रशिक्षण केंद्र गाठा. तिथला हेवीचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, आणि तो पास झाल्यावर आरटीओची वेगळी टेस्ट द्यावी लागत नाही. जवळपास तसं केंद्र नसेल तर साधा क्लास लावा, पण लावण्याआधी तीन गोष्टी विचारा: गाडी लोड करून शिकवता का, घाटात नेता का, आणि एका फेरीला किती पोरं बसवता? तिसऱ्याचं उत्तर 'आठ' असेल तर तुमच्या वाट्याला बहुतेक खिडकीच येणार.

टेस्टमध्ये नक्की काय बघतात?

आरसे लावलेत का, गाडी धक्का न देता उचलली का, गियर वेळेवर बदलले का, चढावर थांबून पुन्हा निघता आलं का, मागे घेताना हद्दीत राहिलात का, वळताना इंडिकेटर दिला का. ऑटोमॅटिक ट्रॅक असेल तिथे सेन्सर आणि कॅमेरे असतात, साहेबांशी बोलून काही होत नाही.

माझी पोरं सगळ्यात जास्त कुठे मार खातात सांगू? गाडीत बसल्याबसल्या. चावी फिरवतात आणि निघतात. सीट दुसऱ्याच्या मापाची, डावा आरसा आकाश दाखवतोय, बेल्ट तसाच लोंबतोय. तपासणारा माणूस तिथेच ओळखतो की हा रोज गाडीवर बसणारा नाही.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीन वेळा गेली तर शेवटच्या टेस्टपासून साठ दिवस थांबावं लागतं.

चढावर थांबलो की गाडी मागे येते. काय चुकतंय?

घाई चुकतेय. हँडब्रेक ओढा, पहिला गियर टाका, क्लच हळूहळू सोडत या. एका जागी इंजिनाचा आवाज बदलतो, जड होतो, केबिन किंचित उचलल्यासारखी वाटते. तिथे पाय धरा आणि मगच हँडब्रेक सोडा. कानाने शिकायची गोष्ट आहे ही. खिडकी खाली करा, रेडिओ बंद करा. पण हाफ क्लचवर गाडी टांगून ठेवायची सवय लावून घेऊ नका, प्लेट जळते आणि मालक तुमच्या नावाने बिल फाडतो.

घाटात गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं म्हणतात. खरं का?

खोटं आहे. आताच्या इंजिनात गियरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे पैसेही जातात आणि जीवही.

जीव कसा जातो ते समजून घ्या. गियरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलं की ते सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं. दहा टायरी गाडीचं मंजूर एकूण वजन साडेअठ्ठावीस टनांपर्यंत जातं. ते वजन उतारावर सतत ब्रेकचे लायनर घासून धरलं की चाकातला ड्रम तापतो, तापलेल्या ड्रमवर लायनरची पकड सुटते. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, त्यात पुन्हा पुन्हा पेडल मारलं की ती हवा संपते. हवा एका मर्यादेखाली गेली की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात, तेही आधीच तापलेल्या ड्रमवर.

जुने उस्ताद सांगायचे, ज्या गियरमध्ये घाट चढशील त्याच गियरमध्ये उतर. आजच्या गाड्यांना ताकद जास्त आहे, म्हणून मी म्हणतो, त्याच्याहून एक खालचा घ्या. आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी घ्या. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी आवरणारा ब्रेक, चालू ठेवा. पायाचा ब्रेक लागेल तेव्हा ठामपणे दाबा, वेग पाडा, सोडून द्या. दाबून बसू नका. घाट उतरल्यावर वास येत असेल तर बाजूला घेऊन थांबा, पण तापल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

आपल्याकडच्या दोन जागा आत्ताच डोक्यात ठेवा. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा जुना बोगदा संपतो आणि लगेच उतार आणि इंग्रजी एससारखं वळण येतं. बोगद्यात सरळ रस्त्याची सवय झालेली असते, डोळे अंधारातून उजेडात येतात, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत वळण आलेलं असतं. बोगद्यातच गियर उतरवा. दुसरी कुंभार्ली. कोयनेकडून निघताना वर धुकं असतं, खाली पोफळीपर्यंत वळणं सुटत नाहीत. पावसाळ्यात तिथे घाई करणारा मी अजून म्हातारा झालेला पाहिला नाही.

रिव्हर्स जमतच नाही. काही युक्ती?

युक्ती एकच, खाली उतरा. गाडीतून उतरून मागे जाऊन जागा बघा. वरून लोंबणारी वायर, मागचा खड्डा, बाजूची टाकी, बसलेलं कुत्रं. मागे कोण आहे हे केबिनमधून कधीच पूर्ण दिसत नाही. क्लीनर "येऊ दे, येऊ दे" म्हणतो, पण तो ज्या बाजूला उभा आहे तेवढंच त्याला दिसतं. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे. हा माझा नियम आहे, पोरगं कितीही हुशार असो.

साध्या ट्रकला मागचं टोक जिकडे न्यायचं तिकडे स्टेअरिंग फिरवा. ट्रेलरला उलट, आणि थोडं थोडं. सांगलीच्या गणपती पेठेत माल उतरवायला मागे घेता आलं की समजा रिव्हर्स आलं. तिथे पहिल्यांदा मला पाऊण तास लागला होता आणि निम्मी पेठ सल्ला द्यायला जमली होती.

वळताना मागचं चाक फूटपाथवर चढतं. का?

लांब गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेघेवरून जात नाही, आतून कापत जातं. डावीकडे वळताना तुम्ही थोडं उजवीकडे घेऊन वळता, डावीकडे मोकळी जागा दिसते आणि दुचाकीवाल्याला वाटतं ती त्याच्यासाठीच आहे. तो शिरतो आणि तुम्ही वळता. शहरातली बरीच मरणं याच खाचेत आहेत. माझ्या अंगणात मी पोरांना डाव्या बाजूला मोटरसायकल लावून ठेवतो आणि केबिनमध्ये बसवून विचारतो, दिसते का? दरवाजाच्या खाली लावली की एकालाही दिसत नाही. मग तिच्यावर कोणाला तरी बसवतो. तोंडं गंभीर होतात.

सकाळी गाडी काढण्याआधी काय काय बघायचं?

एक फेरी मारायची, नेहमी एकाच दिशेने, म्हणजे काही सुटत नाही. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा घेऊन प्रत्येक टायरवर ठोका मारा. भरलेला टायर टणकन वाजतो, कमी हवेचा बद्द वाजतो. जोडटायरमधल्या आतल्याला वेगळा ठोका मारा, आणि मध्ये दगड अडकलाय का ते बघा. तो उडाला की मागच्याची काच गेली. नट सैल झालेला असेल तर त्याच्याभोवती गंजाची बारीक रेघ दिसते. खाली तेल-पाण्याचा डाग, ऑइल, कूलंट, नव्या गाडीला धूर साफ करणारा युरिया. लाइट, इंडिकेटर, मागच्या लाल पट्ट्या पुसलेल्या. मग इंजिन चालू करून हवेचा काटा वर येईपर्यंत थांबा. हवा पूर्ण भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. शेवटी ताडपत्री आणि रस्सा. दहा किलोमीटरवर पुन्हा एकदा थांबून रस्सा ताणा, कारण माल हलून बसतो.

पंधरा मिनिटं लागतात. चहा प्यायला वीस लागतात.

रात्रीची ड्युटी, उसाचा हंगाम, याबद्दल काही?

कारखाने सुरू झाले की कराड, इस्लामपूर, आष्टा, पलूसच्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. कित्येकांना मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या पाचटाखाली झाकलेला. बैलगाड्याही असतात. तुमच्या हेडलाइटमध्ये काळा डोंगर दिसायला लागतो तेव्हा अंतर फार उरलेलं नसतं. त्या महिन्यांत वेग आधीच कमी ठेवा. बंद पडलेली ट्रॉली दिसली की तिच्या मागे धोक्याचे दिवे लावून थोडं थांबा, मग बाजूने काढा. मागून येणाऱ्याला तुमच्यामुळे कळतं.

किती तास चालवावं?

कायद्याने कामाचे दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सगळेच मालक ते पाळतात असं म्हणायला मी काही पुढारी नाही. निदान सलग पाच तासांच्या आत अर्धा तास खाली उतरा. जांभई आली की गाणं लावू नका, गाडी लावा. बडीशेप, तंबाखू, थंड पाणी यांनी डोळे उघडे राहतात, मेंदू झोपतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. नवीन गाडी मिळाली तर तो बंद करून डिझेल वाचवायला सांगणाऱ्या मालकाशी एकदा शांतपणे बोला.

नोकरी बघताना काय विचारू?

पगार किती, भत्ता वेगळा का त्यातच, रिकाम्या परतीच्या फेरीचा भत्ता मिळतो का, चलन कोणाच्या नावावर, टायर फुटला तर कोणाचा, डिझेलचा ॲव्हरेज कसा धरता. हे सहा प्रश्न विचारल्यावर जो मालक चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका. विचारायला लाज वाटते म्हणून पोरं गप्प बसतात आणि दिवाळीला हिशोब करताना भांडतात.

ओव्हरलोडचं आधीच बोलून घ्या. दंड २०,००० पासून सुरू होतो, आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वाढतात. "काट्यावर मी बघतो" म्हणणारा माणूस घाटात तुमच्याबरोबर बसलेला नसतो.

टँकर, गॅस, केमिकलची गाडी चालवायची आहे.

धोकादायक मालासाठी वेगळं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागतं आणि लायसनवर तशी नोंद. ही नोंद असलेलं लायसन तीन वर्षं चालतं, साधं ट्रान्सपोर्टचं पाच वर्षं. कोणत्या टँकरमध्ये काय आहे, सांडलं तर काय करायचं, पाणी मारायचं का नाही, हे त्या तीन दिवसांत कान देऊन ऐका. झोपा काढणारे मी पाहिलेत.

रिन्यूअल कधी करायचं?

मुदत संपायच्या आधी वर्षभर करता येतं. संपल्यावर वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन आहात, मग पोरीचं लग्न होतं का ऊस तोडायचा होता, कोणी विचारत नाही.

अपघात झाला आणि जमाव आला, तर पळू का थांबू?

हा प्रश्न जानेवारी २०२४ च्या ट्रकच्या संपानंतर फार वाढला. नव्या न्यायसंहितेत न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कलम आहे. १ जुलै २०२४ ला बाकीचा कायदा लागू झाला तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. ते लागू असो नसो, मोटार वाहन कायदा जुनाच आहे: जखमीला मदत पोहोचवा, पोलिसांना कळवा. जमाव अंगावर येत असेल तर मदतीसाठी तिथेच थांबण्यातून कायदाच सूट देतो, कळवण्यातून नाही. जवळचं पोलीस ठाणं गाठायचं किंवा ११२ ला फोन करायचा. मालकाला नंतर.

जर्मनी किंवा इंग्लंडला ट्रक चालवायला जाता येतं का?

इथलं लायसन दाखवून स्टेअरिंग हातात मिळत नाही. तिथे लायसन वेगळं आणि व्यावसायिक चालकाची पात्रता वेगळी असते. इंग्लंडमध्ये तिचे चार भाग आहेत. पहिल्यात शंभर प्रश्नांपैकी ८५ बरोबर यावे लागतात, शिवाय व्हिडिओ बघून धोका ओळखायचा. दुसऱ्यात रस्त्यावरचे प्रसंग देऊन प्रश्न. तिसरी प्रत्यक्ष गाडी. चौथ्यात माल कसा बांधायचा, गाडी कशी तपासायची हे करून दाखवायचं. आणि दर पाच वर्षांनी ३५ तासांचं प्रशिक्षण, ते युरोपातही आहे. मला त्यातली चौथी सगळ्यात आवडली. टायरवर टॉमी मारणं हे तिथे परीक्षेत आहे आणि आपल्याकडे उस्तादाच्या मर्जीवर. भाषा मात्र आत्तापासून शिका, तिच्यावाचून पुढचं काही होत नाही.

मुलींनी हेवी शिकलं तर?

शिका की. नियम तेच, फी तीच. पॉवर स्टेअरिंग आल्यापासून ताकदीचा प्रश्न उरला नाही. माझ्याकडे आटपाडीकडची एक जण शिकून गेली, आरसा बघण्यात पोरांपेक्षा दुप्पट पक्की. अडचण गाडीची नाही, रस्त्यावर स्वच्छ संडास आणि रात्री गाडी लावायला सुरक्षित जागा मिळण्याची आहे. ती पुरुषांनाही आहे, ते बोलत नाहीत एवढंच.

क्लासला येताना काय आणायचं?

कच्चं लायसन, चष्मा असेल तर चष्मा, पाण्याची बाटली. पायात बूट. स्लीपर घालून आलात तर पहिल्या दिवशी फक्त टायर ठोकायला लावीन. गाडी सकाळी सहा वाजता अंगणातून निघते, म्हणजे फेरी मारायला पावणेसहाला या.